वाकड्या डब्याची सरळ गोष्ट

यंदाच्या पावसाळ्यात आमचा माळा गळू लागला आणि त्या निमित्ताने बऱ्याच वर्षांनी मला वर चढावे लागले. टिळकवाडीतल्या दुसऱ्या रेल्वे गेटजवळचे आमचे घर जुने आहे. वर पत्रा, खाली लाकडी माळा. तिथे सासूबाईंच्या पितळी भांड्यांची ट्रंक होती आणि ट्रंकेखाली एक चेपलेले खोके. खोक्यावर इंग्लंडची टपाल तिकिटे पाहिली आणि एकदम आठवले, अरे, ही तर चिरंजिवांची आगगाडी!

२०१० च्या मे महिन्यात आम्ही पुण्याला गेलो होतो. कोथरूडमध्ये जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊ जोशींनी आयुष्यभराच्या छंदातून उभे केलेले ते छोटे गाव १९९८ पासून लोकांसाठी खुले झाले. ते पाहून आमचा दहा वर्षांचा मुलगा वेडावला होता. माझ्या भावाने इंग्लंडहून त्याला दिवाळीला एक संच पाठवला. त्यात तीन मालडबे आणि एक गुड्स शेड, सारे सुटे भाग कापून, चिकटवून बनवायचे. पुढे शाळा, क्लास, क्रिकेट सुरू झाले आणि खोके माळ्यावर गेले. आज तो बेंगळुरूला नोकरी करतो.

खोके उघडले आणि मन खट्टू झाले. शेडची लांब भिंत धनुष्यासारखी वाकली होती. डब्यांच्या तळाच्या पट्ट्यांना पीळ पडला होता. पंधरा उन्हाळे पत्र्याखाली तापायचे आणि वर पितळेचे ओझे, दुसरे काय होणार? कंपनीचे नाव मी मुद्दामच सांगत नाही, कारण दोष तिचा नाही, माझ्या माळ्याचा आहे.

मी ते कचऱ्यात टाकायला निघाले होते. व्हरांड्यात अप्पा बसले होते. त्यांनी डावा हात पुढे करून खोके मागितले.

एक मिलिमीटर म्हणजे तीन इंच

अप्पा म्हणजे माझे सासरे. हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये त्यांनी चौतीस वर्षे काढली. सुरुवात लोहारखात्यात केली, नंतर वॅगन दुरुस्तीत आले आणि २००१ साली निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. त्याच वर्षी अप्पांना अर्धांगाचा हलका झटका आला. पाय सावरला, पण उजव्या हाताची बोटे हट्टी झाली. हे बदलीमुळे विजापूरला असतात आणि शनिवारी रात्री येतात. म्हणजे आठवड्याचे सहा दिवस घरात आम्ही दोघेच, मी आणि अप्पा.

मी शहापूरची, घरात मराठी आणि गल्लीत कन्नड. अप्पा हुबळीचे, पण मराठी त्यांना चांगले समजते. भाषा दोघांनाही येत होती, बोलायला विषय नव्हता. ‘जेवायला वाढू का?’, ‘गोळी घेतली का?’ आणि ‘हूं’, एवढ्यावर आमचा दिवस निघत असे. सासरा-सुनेने किती बोलावे याचे जुने माप आमच्याही घरात होतेच. त्यात सासूबाई गेल्यापासून घर अधिकच मुके झाले होते.

त्या दिवशी अप्पांनी तळाची एक पट्टी चौकटीतून न काढताच डोळ्यांसमोर धरली. बंदुकीची नळी तपासावी तशी एका टोकाकडून पाहिली आणि म्हणाले, “हा सोलबार.” मालडब्याच्या तळाशी दोन्ही बाजूंनी जाणारी जी लांब तुळई असते, जिच्याखाली चाकांचे आधार बसतात, तिला वर्कशॉपमध्ये सोलबार म्हणतात, हे मला पहिल्यांदाच कळले.

या संचाचे माप इंग्लंडमध्ये ‘डबल ओ’ म्हणून ओळखले जाते. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे छोट्या गाडीचे चार मिलिमीटर. साडेसतरा फुटांचा मालडबा इथे सत्तर मिलिमीटरचा होतो, म्हणजे आपल्या तळहाताहूनही लहान. अप्पांनी कागदावर हिशेब मांडला. इथला एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या डब्यावर तीन इंच!

“तीन इंच वाकलेला सोलबार लावून गाडी कोण सोडील?” त्यांनी विचारले. गेल्या दोन वर्षांतले त्यांचे ते सर्वांत लांब वाक्य असावे.

त्यांचे म्हणणे खरे होते. पाटाचा एक पाय आखूड असला की पाट डुगडुगतो, तसेच डब्याचे. तळाला पीळ असला की चारपैकी तीन चाके रुळावर टेकतात आणि चौथे अधांतरी राहते. चाकाची जी कड रुळाच्या आत राहून गाडीला धरून ठेवते, ती या मापात जेमतेम एक मिलिमीटर असते. चाक तेवढे उचलले की डबा पहिल्याच वळणावर घसरणार.

पापड का वळतो?

प्लॅस्टिक मुळात वाकतेच का, हे मी त्या आठवड्यात वाचून काढले. असे संच बहुधा पॉलिस्टायरीनचे असतात. दोनशे अंशांच्या वर तापवून पातळ केलेले हे प्लॅस्टिक मोठ्या दाबाने पोलादी साच्यात सोडतात. ते थंड होताना आकसते, साधारण अर्धा टक्का. सगळा भाग एकसारखा थंड झाला तर काहीच बिघडत नाही. पण जाड भाग सावकाश थंड होतो, पातळ भाग लगेच. एक बाजू आधी आकसते, दुसरी मागून, आणि त्यांची ओढाताण आतल्या आत गोठून राहते.

गच्चीवर पापड घालणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. वरची बाजू आधी वाळली की पापडाच्या कडा उचलल्या जातात. म्हणून तर आई आम्हाला दर थोड्या वेळाने पापड उलटायला पिटाळायची. प्लॅस्टिकच्या भिंतीचेही तसेच. तिच्या एका बाजूला विटांची नक्षी आणि खिडक्यांच्या चौकटी, दुसरी बाजू सपाट. ती वळायला निमित्तच शोधत असते. त्यात वर्षानुवर्षे उष्णता आणि ओझे मिळाले, तर न वाकलेला भागही हळूहळू बाक धरतो.

ज्या उष्णतेने वाकले, त्याच उष्णतेने सरळ होईल, हे अप्पांनी आधीच सांगून टाकले होते. वर्कशॉपमध्ये वाकलेली तुळई ते थंड असताना कधी ठोकत नसत. आधी ताव द्यायचा, मग ठोकायचे कमी आणि धरून ठेवायचे जास्त.

माझी घाई

मी मात्र त्यांचे पुरते ऐकून घेतले नाही. गॅसवर पाणी खळखळून उकळले, एका डब्याचे छप्पर परातीत ठेवले आणि वरून पाणी ओतले.

आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच. त्यामुळे इथे पाणी शंभराला नव्हे, सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळते. पण पॉलिस्टायरीनला तेवढेही पुष्कळ होते. नव्वद ते शंभर अंशांच्या दरम्यान ते आपला आकारच सोडू लागते. पाहता पाहता छपराचा सुबक गोलवा गेला, कडा आक्रसल्या आणि फळ्यांच्या रेघा शिळ्या पोळीसारख्या सुरकुतल्या. मी चिमट्याने उचलले तर ते लोंबले.

पंधरा वर्षे जपलेली मुलाची वस्तू मी पंधरा सेकंदांत वाया घालवली होती. मला रडूच आले. अप्पा दारात येऊन उभे राहिले. ते छप्पर त्यांनी हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि एवढेच म्हणाले, “अवसर माडब्याडवा.”

आपल्या सीमाभागातल्या घरांत हा शब्द मोठी गंमत करतो. मराठीत अवसर म्हणजे संधी. कन्नडात अवसर म्हणजे घाई. घाई करू नको, असे अप्पा म्हणत होते. मला क्षणभर ऐकू आले ते, संधी घालवू नको. दोन्ही अर्थ लागू होते.

सावकाश

दुसऱ्या दिवसापासून आमचे काम पद्धतशीर सुरू झाले. दुपारी चार वाजता चहा झाला की जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचे. साहित्य सगळे घरातलेच. एक खोलगट पातेले, एक थंड पाण्याचे भांडे, चिमटा, लाकडी क्लिपा, मुलाच्या कंपासातली स्टीलची पट्टी आणि सासूबाईंचा संगमरवरी पोळपाट. अगदी सपाट पृष्ठभाग घरात शोधायला गेले, तर त्या पोळपाटासारखा दुसरा सापडला नाही. विकत आणला तो फक्त स्वयंपाकातला थर्मामीटर.

कामाची वाटणी ठरली. साठ-सत्तर अंशांचे पाणीही हाताला भाजते आणि अप्पांच्या उजव्या हाताला चटका लवकर कळत नाही. म्हणून पाण्याचे काम माझे. रबरी मोजे घालून मी भाग पाण्यात बुडवायचा, बाहेर काढायचा आणि हाताला सोसेल इतपत निवला की अप्पांकडे द्यायचा. तो पोळपाटावर दाबून धरायचे काम त्यांचे.

पाणी पासष्ट-सत्तर अंशांपासून सुरू करायचे. सोलबारसारखा बारीक भाग अर्धा मिनिट बुडवायचा. तो दाद देत नसेल तर पाच-पाच अंश वाढवत पंचाहत्तर-ऐंशीपर्यंत जायचे, त्यापुढे नाही. बाहेर काढल्यावर बोटांना तो किंचित नरम लागतो, जेमतेम शिजलेल्या शेंगेसारखा. तेवढ्यात त्याला सपाट टेकवायचा आणि गार होईपर्यंत सोडायचा नाही. एका खेपेत सगळा बाक काढायला जायचे नाही. थोडा काढायचा, पुन्हा तापवायचा, पुन्हा थोडा.

पहिला सोलबार सरळ झाला म्हणून मी आनंदाने डबीत ठेवला. सकाळी पाहते तर निम्मा बाक परत आलेला! कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, मी म्हटले. अप्पा हसले. ही म्हण कन्नडातही आहे. पण त्यांचे मत वेगळे पडले. शेपटाचा दोष नाही, नळीतून लवकर काढले, असे ते म्हणाले.

मग आमचा वाद झाला. मी वाचले होते की नरम भाग सरळ धरून थंड पाण्यात बुडवला की तो तसाच घट्ट होतो. अप्पांना ते पटेना. तापलेले पोलाद एकदम पाण्यात टाकले तर कडक आणि ठिसूळ होते, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेले. प्लॅस्टिक म्हणजे पोलाद नव्हे, हे मी सांगून पाहिले. शेवटी एक सोलबार माझ्या रीतीने केला, एक त्यांच्या. माझा थंड पाण्यात लगेच घट्ट झाला. त्यांचा आम्ही क्लिपांनी स्टीलच्या पट्टीला बांधला, पट्टीसकट गरम पाण्यात ठेवला आणि ते पाणीच हळूहळू निवू दिले. दुसऱ्या सकाळी माझा किंचित वळला होता, त्यांचा तसाच सरळ होता. एका प्रयोगाने काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण तेव्हापासून घाईचे, किरकोळ बाकाचे भाग माझ्या रीतीने होतात आणि हट्टी भाग अप्पांच्या. थंड पाण्यात घालायचे असेल, तेव्हा भाग उलट दिशेला केसभर जास्त वाकवून धरायचा, म्हणजे परत येताना तो सरळ रेषेवर थांबतो, हेही आता जमू लागले आहे.

सुरकुतलेले छप्पर मात्र वाचले नाही. त्यासाठी अर्ध्या मिलिमीटर जाडीचा पांढरा पॉलिस्टायरीनचा पातळ पत्रा मागवला. योग्य गोलाईची काचेची बाटली शोधायलाच एक दुपार गेली. पत्रा कापून बाटलीवर चिकटपट्टीने गुंडाळला आणि तो बाटलीसकट कोमट पाण्यापासून सुरू करून हळूहळू तापवला. थंड काचेवर एकदम गरम पाणी ओतले तर काच तडकते, हे गृहिणीला सांगावे लागत नाही. निवल्यावर सोडला तर छपराची गोलाई तशीच्या तशी उतरली होती.

या सगळ्यात “सावकाश” हा शब्द दिवसातून वीस वेळा उच्चारला जाई. आपल्याकडच्या कन्नडात आणि मराठीत तो एकच. कोण कोणत्या भाषेत बोलले, हे त्या शब्दापुरते तरी सांगता येत नसे.

चिकटवल्यानंतरचा बाक

शेडची एक भिंत सरळ झाली, तेव्हा ती पुन्हा वाकू नये म्हणून मी आतून प्लॅस्टिकची रुंद पट्टी भरपूर द्राव लावून चिकटवली. हा द्राव फेविकॉलसारखा नसतो. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो, दोन भाग एकमेकांत मिसळतात आणि द्राव उडून गेला की एकजीव होतात. म्हणून खिडकी उघडी ठेवूनच ते काम करावे.

तीन आठवड्यांनी भिंत वाकली, तीही उलट दिशेला! अप्पांनी ती नाकाशी नेली. “वास अजून आहे,” ते म्हणाले. रुंद पट्टीखाली अडकलेल्या द्रावाला बाहेर पडायला वाट नव्हती. तो आतल्या आत प्लॅस्टिक मऊ करत, सुकत, ओढत राहिला होता. पट्टी काढली, तिला बारीक छिद्रे पाडली आणि द्राव थेंबाथेंबाने लावला. दुसऱ्या भिंतीला रुंद पट्टीऐवजी काटकोनात उभ्या अरुंद पट्ट्या दिल्या, दाराच्या फळीला मागून आडव्या पट्ट्या असतात तशा. त्या कमी द्रावात बसतात आणि बाक जास्त अडवतात.

चार चिठ्ठ्या

गणपतीच्या आधी पहिला डबा उभा राहिला. अप्पांनी टीपॉयच्या काचेवर तो ठेवला आणि पतंगाच्या कागदाच्या चार चिठ्ठ्या चार चाकांखाली सारल्या. एकेक चिठ्ठी हलकेच ओढून पाहायची. चाक टेकलेले असेल तर चिठ्ठी अडते, अधांतरी असेल तर अलगद निघून येते. महिन्यापूर्वी नुसता जुळवून पाहिला होता, तेव्हा एक चिठ्ठी लगेच सुटली होती. या वेळी चारही अडल्या.

“बरोब्बरी ऐति,” अप्पा म्हणाले. याचेही भाषांतर करायची गरज नाही.

या कामाने अप्पांचा हात सुधारला, असे मी लिहिणार नाही. बोटे अजून पूर्ण वळत नाहीत, औषधे आणि व्यायाम चालूच आहेत. पण पूर्वी जो हात मांडीवर पडून असे, तो आता रोज दुपारी तासभर पोळपाटावर असतो. अंगठ्याने सोलबार दाबून धरताना ते वर्कशॉपच्या गोष्टी सांगतात. मीटरगेजच्या दिवसांतल्या, लोंढ्याच्या पावसातल्या, रात्रपाळीला सासूबाई डब्यात काय द्यायच्या त्याच्या. वीस वर्षे या घरात राहून यातले काही मला माहीत नव्हते. भाग गार व्हायला तीन-चार मिनिटे लागतात. तेवढ्यात एक गोष्ट बसते.

तुमच्याही माळ्यावर असा एखादा संच असेल तर आधी खाली आणा. सावलीत, आडवा, वर काही न ठेवता ठेवा. तळव्याएवढ्या एखाद्या कमी महत्त्वाच्या भागावर हात बसवा आणि मगच मुख्य भागाला पाणी दाखवा. भाग वाकडा आहे म्हणून टाकून देऊ नका. मोडलेला आणि वाकलेला यांत फरक आहे.

गणपतीला चिरंजीव आले. काचेवरचा डबा पाहून त्यांचे डोळे मोठे झाले. बोटाने ढकलला, तो सुळकन पुढे गेला, डुगडुगला नाही.

“अज्जा, हा माझा डबा ना?”

अप्पांनी डाव्या हाताने डबा आपल्याकडे ओढून घेतला. “निंदल्ल, नम्दु.”

तुझा नाही, आमचा.

या ‘आमचा’मध्ये कोण कोण येते, हे मी विचारले नाही. शेडची एक भिंत अजून बाकी आहे आणि चार वाजत आले आहेत. पाणी तापत ठेवले आहे.